आपल्या मुलखाची पुस्तके



“पावसाळ्यात रिकाम्या वेळी वाचायला चांगलेसे पुस्तक सुचवा,” असे पत्र एका भगिनीने धाडले आहे. आमच्या सेमाडोहला पाऊस लागला की सिपना दुथडी भरते, वीज जाते आणि मोबाईलही मुका होतो. मग कंदील आणि पुस्तक एवढेच उरते. तेव्हा मी काय वाचते, ते सांगते.

आधी उद्धव शेळक्यांची ‘धग’. 1960 साली आलेली ही कादंबरी आपल्याच अमरावती भागातली. नवऱ्याचा हातभार नसताना संसार ओढणारी कौतिक हिची ती कथा. संवाद अस्सल वऱ्हाडी, म्हणून मनात वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचावी. आमच्या सासूबाई शाळेची पायरी चढल्या नाहीत. दोन रात्री मुकाट्याने ऐकत होत्या. तिसऱ्या रात्री म्हणाल्या, “हे तं मायी मावशीच व्हय.” शेवट सुखाचा नाही, हे आधीच सांगून ठेवते. घरात कोणी आजारी असेल तर सध्या राहू द्या.

गोनीदांनी, म्हणजे गो. नी. दांडेकरांनी, गडकिल्ल्यांवर पुष्कळ लिहिले. पण जन्म आमच्या घाटाखालचा, परतवाड्याचा, 1916 चा. त्यांचे ‘पूर्णामायची लेकरं’ घ्या. पूर्णाकाठच्या माणसांची बोली त्यांनी जशीच्या तशी कागदावर उतरविली आहे.

आता मारुती चितमपल्लींविषयी जरा सवडीने बोलू. जन्म सोलापूरचा, 1932 चा. वनखात्यात हयात गेली, मेळघाटातही नोकरी झाली. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. ‘पक्षीकोश’ एकदम हाती घेऊ नका. तो शोधाशोध करण्याचा ग्रंथ आहे. ‘रानवाटा’ पासून सुरुवात करावी. मग ‘चकवा चांदणं’ हे आत्मचरित्र. ते जाडजूड आहे, मधली काही पाने माझ्याच्याने भराभर उलटली गेली, पण पुन्हा मागे येऊन वाचावीशी वाटली.

गेल्या श्रावणात ‘रानवाटा’ वाचत असता शेजारची कोरकू बाई ओसरीवर टेकली. तिच्यासाठी मी मोठ्याने वाचू लागले. थोडा वेळ ऐकून ती हसली नि म्हणाली, “वैनी, हे तं आमाले ठाऊकच हाये. लिवणाऱ्यानं आमचं नाव घेतलं काय?”

मी गप्पच झाले. रानातल्या माणसांकडून आपण शिकलो, हे चितमपल्लींनी मोकळ्या मनाने लिहिले आहे. तसे मी तिला सांगितले. “मंग ठीक हाये,” म्हणाली. पण माझ्या मनातून ते जाईना. 1973-74 साली व्याघ्र प्रकल्पाची पहिली नऊ जंगले ठरली, त्यांत मेळघाट होते. तेव्हापासून येथे वाघ मोजले गेले, पाहुणे आले, पुस्तके आली. मात्र या बाईसारख्या कोरकू बाईने स्वतः सांगितलेले पुस्तक माझ्या तरी हाती अजून लागलेले नाही. कोणता कंद कोणत्या महिन्यात खणावा, कोणत्या पक्ष्याची ओरड ऐकून पावसाचा अंदाज बांधावा, हे तिच्या तोंडी आहे. तिच्या मुलांना त्यातले निम्मेच येते.

म्हणून बाजाराच्या दिवशी दोनशे पानी वही आणली. तिची नात आठवीत आहे. आजी कोरकूत सांगते, नात देवनागरीत उतरविते. आजीला तिचे अक्षर वाचता येत नाही, तरी दर पान संपले की पुन्हा वाचून घेते आणि चूक काढते! आतापर्यंत अकरा पाने झाली. निंदण सुरू झाल्यापासून काम थांबले आहे. पोळा झाला की पुन्हा बसू, असे ठरले आहे.

तुम्ही हल्ली काय वाचले, ते पोस्टकार्डावर कळवावे. आणि माझी ‘धग’ गेल्या दिवाळीला जी मैत्रीण घेऊन गेली, तिने हे वाचले असल्यास परतवाड्याच्या एस.टी.ने धाडून द्यावी. सासूबाई मागत आहेत.