यंत्र अर्ध्या किलोचे, दुखणे बारा तासांचे



रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे शिरूर-दौंड भागातल्या आपल्या अनेक घरांची चूल पेटते. कुणी मशीनवर आहे, कुणी लोडिंगला, तर कुणी गेटवर सिक्युरिटीत. आज गेटवरच्या या भावा-बहिणींविषयी लिहायचे आहे. पाळी सुटली की कामगारांच्या अंगावरून जे काळे दांडके फिरवतात, ते मेटल डिटेक्टर होय. धातू जवळ आला की ते आवाज करते. ते फिरवणाऱ्याचा हात, पाठ आणि पाय मात्र मुकाट्याने दुखत असतात.

परदेशात असे यंत्र घेऊन हिंडणे हा छंद आहे. इंग्लंडमध्ये सुटीच्या दिवशी माणसे लांब दांड्याचे डिटेक्टर घेऊन शेते पालथी घालतात आणि जुनी नाणी शोधतात. आपल्याकडे तसे मनमानेल तसे करता येत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संरक्षित स्थळी विनापरवाना खोदणे तर गुन्हाच. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती उजेडात आली, तीही डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी १९६८ पासून अनेक वर्षे रीतसर उत्खनन केले म्हणून.

त्या छंदी लोकांचेही अंग दुखतेच. दीड-दोन किलोचे यंत्र एका हाताने तासन्‌तास झुलवायचे आणि आवाज आला की वाकून उकरायचे, यात खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघे सगळे धरते. पण दुखू लागले की ते यंत्र खाली ठेवतात आणि घरी जातात. आपल्या गेटवरच्या माणसाला ती मुभा नाही. खरा प्रश्न इथे आहे.

"अर्ध्या किलोचे तर यंत्र, त्याने काय हात मोडतो?" असे सुपरवायझर म्हणतात. थोडा हिशेब मांडू. समजा, एका पाळीला ३०० कामगार बाहेर पडतात. प्रत्येकाच्या पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी असे चार फेरे धरले तर १२०० फेरे झाले, बहुधा एकाच हाताने. शिवाय बूट-मोजे तपासायला ३०० वेळा वाकणे. बारा तासांच्या ड्युटीत अशा दोन पाळ्या सुटल्या तर आकडे दुप्पट होतात. आणि फक्त यंत्राचे वजन धरून भागत नाही. साठ किलोच्या माणसाचा एक हातच सुमारे तीन किलोचा असतो. पाण्याची कळशी कडेवर घेऊन आपण लांबवर चालतो, तीच हात ताठ करून समोर धरून पाहा! वजन अंगापासून जितके दूर, तितका खांद्यावर भार जास्त.

म्हणूनच दुखण्याच्या जागा ठरलेल्या असतात. हात वर करताना खांदा धरतो. कोपराची बाहेरची बाजू ठणकते. तिला टेनिस एल्बो म्हणतात, पण त्यासाठी टेनिस खेळावे लागत नाही. मूठ घट्ट आवळल्याने अंगठ्याच्या मुळाशी कळ येते किंवा रात्री बोटांना मुंग्या येतात. सारखे वाकून कंबर धरते. फार वेळ उभे राहून टाचा दुखतात, पायाच्या शिरा फुगतात.

कुणी म्हणते, यंत्राच्या किरणांमुळे हात दुखतो. कुणी बाधा झाली म्हणून अंगारा लावते. दोन्हींत तथ्य नाही. या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र अगदी दुबळे असते, त्याने स्नायू दुखत नाहीत. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे, त्यांनी मात्र आधी सांगावे आणि रक्षकाने यंत्र त्या जागेवर धरून ठेवू नये.

आता उपाय पाहू. बहुतेक बिनखर्चाचे आहेत.

कोपर अंगाजवळ ठेवा आणि हात पुरता लांब करण्याऐवजी एक पाऊल पुढे टाका. मूठ सैल धरा. मूठ बारीक वाटत असेल तर तिच्यावर जुन्या कापडाची पट्टी गुंडाळा. दर वीस-पंचवीस माणसांनंतर हात बदला. डाव्या हाताला आठवड्याभरात सवय होते. पायाची तपासणी करताना कंबरेत वाकू नका. गेटवर एक बुटके, भक्कम स्टूल ठेवून कामगारालाच त्यावर पाय ठेवायला सांगा. दर तासाला तपासणीचे आणि रजिस्टर लिहिण्याचे काम आपसात बदलून घ्या. मऊ तळव्याचे बूट वापरा. मधूनमधून खांदे गोल फिरवा, मनगट हलकेच ताणा, टाचा उचलून खाली टेका.

दुखले की मेडिकलमधून गोळी आणायची आणि पुन्हा ड्युटीवर जायचे, ही सवय मात्र घातक आहे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज घेतल्या तर पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते. गोळीने दुखणे झाकते, कारण तसेच राहते. दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही, हातातून वस्तू निसटू लागली, बधिरपणा राहू लागला, तर शिरूर-दौंडच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर तिथले उपचार हा तुमचा हक्क आहे. एकच पाय अचानक सुजला, किंवा छातीत दाब येऊन डाव्या हातात कळ गेली, तर क्षणाचाही उशीर नको.

पण सगळे काही रक्षकानेच करायचे असे नाही. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, असे कारखाने अधिनियम १९४८ च्या ४४ व्या कलमात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती तरतूद आहे. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४६ साली, कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ज्या गेटच्या आत आठ तासांची पाळी आहे, त्याच गेटवरच्या माणसाने बारा तास उभे का राहावे?

तेव्हा स्टूल, खुर्ची आणि कामाची अदलाबदल, एवढे तरी लेखी मागा. एकट्याने मागाल तर "तुला जमत नसेल तर दुसरा आणतो" असे ऐकावे लागेल. अर्जावर सगळ्यांच्या सह्या घ्या, दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन ती घरात जपून ठेवा. पुणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ आहे. आपल्या एजन्सीची त्याच्याशी काय बांधिलकी आहे, याचीही चौकशी करा.

शेवटी घरच्यांना एक विनंती. गेटवर उभी राहून आलेली आपली ताई घरी येऊन पुन्हा वाकून धुणे धुते, उभ्यानेच भाकऱ्या थापते. तिच्या खांद्याला विश्रांती मिळणार तरी केव्हा? धुणे पिळायला, हंडा उचलायला घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी पुढे व्हावे. ज्या हातावर घर चालते, तो हात धडधाकट राहावा ही सगळ्या घराची जबाबदारी आहे.