नळी काढण्याची घाई नको

गेल्या महिन्यात आमच्या शेजारी दीड वर्षाच्या एका बाळाचे ऑपरेशन झाले. जन्मापासून त्याच्या लघवीचे छिद्र टोकावर नसून खालच्या बाजूला होते. पाचव्या दिवशी दादीअम्मांनी आम्हांला बोलावून घेतले. बाळ मधूनच पाय पोटाशी घेऊन किंचाळत होते. "बेटा, तुम्ही शिकलेले. सुनेला समजवा, ही नळी काढून टाका. किती हाल करायचे लेकराचे?"

आम्ही आधी रुग्णालयाचा कागद मागितला. त्यावर दहाव्या दिवसाची तारीख होती. आम्ही तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. नळीमुळे मूत्राशयाला कळ येते, त्यावर औषध आहे, असे ते म्हणाले. औषध मिळाले, बाळ झोपले.

अशा ऑपरेशनमध्ये लघवीचा नवा मार्ग शिवून तयार करतात. टाके भरून येईपर्यंत लघवी नळीतून बाहेर जाते. नळी लवकर निघाली तर जखमेवर ताण येऊन दुसऱ्याच जागेतून लघवी गळू शकते, मग पुन्हा ऑपरेशन. उलट, बाळ हसतेखेळते आहे म्हणून तारीख टाळली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. साधारण 5 ते 14 दिवस नळी ठेवतात. नेमका दिवस शस्त्रक्रिया पाहून सर्जनच ठरवतात. शेजारच्या बाळाशी तुलना करू नये.

घरी निघण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्या: नळी कोणत्या दिवशी काढायची, कोण काढणार, रात्री फोन कुठे करायचा. ताप आला, नळीतून लघवी थांबली किंवा रक्त वाहू लागले तर तारखेची वाट पाहू नका. नळी आपोआप निसटली तर परत आत घालू नका, लगेच दवाखाना गाठा. काढल्यानंतर बाळाने लघवी केली का, धार कशी आहे, हेही पाहा.

आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. असा दोष दिसला तर खतना थांबवा. ती कातडी ऑपरेशनला लागू शकते. आधी बालशल्यचिकित्सकांना दाखवा. अंबरनाथहून लोकलने जाता येईल असे मुलांचे वाडिया रुग्णालय परळला 1929 पासून आहे.

दहाव्या दिवशी नळी निघाली. बाळाने पहिली लघवी केली तेव्हा दादीअम्मांच्या तोंडून आपसूक निघाले, "अल्हम्दुलिल्लाह!"