थंडाव्याचा हिशेब

वरठीसारख्या पोलादाच्या गावी तापली यंत्रे निववण्याचे काम पाण्याचेच. या पाण्यात तांब्याचे अतिसूक्ष्म कण मिसळल्यास ते उष्णता झपाट्याने वाहून नेईल, ही कल्पना १९९५ साली अमेरिकेतील स्टीफन चोई यांनी मांडली. तांबे पाण्याच्या सहाशेपट उष्णतावाहक. तेव्हा तिच्यात तथ्य आहेच. पण कणांमुळे द्रवाचा चिकटपणा वाढतो, तो ढकलण्यास पंपाला अधिक वीज लागते. शिवाय कण गोळा होऊन तळाशी बसतात, ते वेगळेच! तीसहून अधिक संस्थांनी केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत चमत्कार म्हणावा असा लाभ दिसला नाही. म्हणून असा द्रव घेण्याआधी कारखानदाराने विक्रेत्याकडे पंपाच्या वीजबिलाचा हिशेब मागावा. ते बिल अखेर पोलादाच्या भावात, म्हणजे घर बांधणाऱ्या कारकुनाच्याच माथी येते.