वण पुसावा की जपावा?

एमआरआयच्या अहवालात ‘जुना चट्टा’ असा उल्लेख आला की वाचणाऱ्याची नजर पुढे सरकते. औषध बदलायचे ते नव्या चट्ट्यावरून. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) ही सवय आता रुग्णाला महागात पडू शकते.

फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट शार्को यांनी १८६८ साली पॅरिसमध्ये या आजाराचे वर्णन केले, ते याच कडक चट्ट्यांवरून. चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण गेलेल्या जागी ॲस्ट्रोसाइट या आधारपेशी फुगतात, जीएफएपी प्रथिनाचे तंतू वाढवतात आणि दाट वण तयार होतो. हा वण म्हणजे निव्वळ अवशेष आणि दुरुस्तीतला अडसर, अशी समजूत दीर्घकाळ रुजली.

ती अर्धीच खरी आहे. २००९ साली लॉस एंजेलिसमध्ये रोंडा वॉस्कुल, मायकेल सोफ्रोनिव आणि सहकाऱ्यांनी एमएससारखा आजार घडवलेल्या उंदरांमध्ये वण घडवणाऱ्या ॲस्ट्रोसाइट निवडून नष्ट केल्या. आजार बळावला, आणि रक्तवाहिन्यांभोवती अडवल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशी मज्जासंस्थेत खोलवर पसरल्या. २०१३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मायलिन नष्ट करणारे क्युप्रिझोन दिलेल्या उंदरांतून ॲस्ट्रोसाइट काढल्या, तेव्हा मायलिनचे अवशेष तसेच साचून राहिले. ते उचलणाऱ्या मायक्रोग्लिया तिथे पुरेशा पोहोचल्याच नाहीत.

दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. जुन्या चट्ट्यांत साठलेले हायल्युरोनान मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशींना परिपक्व होऊ देत नाही, हे २००५ साली दिसले. २०१७ मध्ये शेन लिडेलो, बेन बॅरेस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मायक्रोग्लियांनी सोडलेल्या इंटरल्युकिन-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू यांच्या प्रभावाखाली ॲस्ट्रोसाइट घातक बनतात. न्यूरॉन आणि ऑलिगोडेंड्रोसाइट मारतात. एमएसच्या चट्ट्यांतही अशा पेशी आढळल्या.

मग खरे काय? उत्तर वेळेत आहे. २०१४ साली बोस्टनमधील एका प्रयोगात ॲस्ट्रोसाइट तीव्र टप्प्यात काढल्या तेव्हा उंदरांची स्थिती बिघडली. त्याच पेशी प्रगत टप्प्यात काढल्या तेव्हा सुधारली. म्हणूनच २०२१ मध्ये या क्षेत्रातील संशोधकांनी एकत्रितपणे सुचवले, की ॲस्ट्रोसाइटना ‘चांगल्या’ आणि ‘वाईट’ अशा दोन खान्यांत कोंबू नये.

दवाखान्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. आजची बहुतेक औषधे रक्तातल्या लिम्फोसाइटना आवरून झटके कमी करतात; चट्ट्याच्या कडेला धुमसत राहणाऱ्या दाहापर्यंत ती फारशी पोहोचत नाहीत. लोहाने भरलेल्या मायक्रोग्लियांची ही कड ससेप्टिबिलिटी एमआरआयवर दिसते, ती असलेल्या रुग्णांत अपंगत्व अधिक आढळते, आणि सुधारित मॅकडोनाल्ड निकषांत तिला स्थानही मिळाले आहे.

झटका नसताना चाल मंदावत असलेल्या प्रत्येक रुग्णासाठी न्यूरॉलॉजिस्टनी हा सीक्वेन्स मागून घ्यावा आणि रेडिऑलॉजिस्टनी जुन्या चट्ट्याच्या कडेबद्दल अहवालात स्वतंत्र ओळ लिहावी. निदान संशयास्पद असेल, तर ॲक्वापोरिन-४ प्रतिपिंडांची चाचणीही टाळू नये. ही प्रतिपिंडे ज्यात आढळतात त्या न्यूरोमायलायटिस ऑप्टिकामध्ये (एनएमओ) पहिला हल्ला ॲस्ट्रोसाइटवरच होतो, आणि इंटरफेरॉन-बीटा किंवा फिंगोलिमॉडसारखी एमएसची औषधे तो आजार वाढवू शकतात.