‘कौटुंबिक वादातून’ : चिठ्ठी एकाची, मृत्यू चौघांचे

२० जून २०२३. दौंड तालुक्यातील वरवंड. एकाच घरातील चौघांचे मृत्यू उघडकीस आले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पशुवैद्यक असलेल्या पतीने शिक्षिका पत्नीचा खून केला, शाळकरी वयाच्या मुलाला आणि मुलीला विहिरीत टाकले आणि मग स्वतःचे आयुष्य संपवले. घरात चिठ्ठी मिळाली. पत्नीच्या त्रासाला कंटाळून हे पाऊल उचलत असल्याचे त्यात लिहिल्याचे बातम्यांत आले. दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणी मथळ्यात किंवा पहिल्याच ओळीत दोन शब्द होते : ‘कौटुंबिक वादातून’.

सुप्याहून चौफुल्याला यावे, सोलापूर महामार्गाला लागावे, की थोड्याच अंतरावर वरवंड. बारामती, इंदापूर आणि दौंड हा सगळा एकाच पाण्याचा, एकाच उसाचा आणि सोयरिकीने बांधलेला पट्टा. त्यामुळे त्या दिवशी सुप्याच्या बाजारातही हीच चर्चा असणार, आणि ती कोणत्या वळणाने गेली असेल हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. “बाईनेच काहीतरी केले असेल, त्याशिवाय एवढा शिकलेला माणूस...”

मुद्दा इथेच आहे. वाद म्हटला की दोन बाजू आल्या. पण विहिरीत गेलेल्या दोन लेकरांचा कुणाशी काय वाद होता? आणि ज्या पत्नीशी वाद होता असे म्हणतात, तिची बाजू कुठे नोंदली गेली? खून झालेल्या बाईने चिठ्ठी लिहिलेली नसते. तिला आज आपला जीव जाणार हेच माहीत नसते. मागे उरतो तो फक्त मारणाऱ्याचा कागद.

कायद्याच्या अंगानेही हे समजून घेतले पाहिजे. अशा प्रकरणात मृत पतीवर खुनाचा गुन्हा नोंदवला, तरी मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. पोलीस तसा अहवाल न्यायालयात देतात आणि फाइल बंद होते. म्हणजे साक्षी नाहीत, उलटतपासणी नाही, निकालपत्र नाही. दुसऱ्या कुठल्याही खुनात आरोपीचे म्हणणे न्यायालय घासून-पुसून पाहते. इथे मात्र आरोपीचे म्हणणे हाच शेवटचा शब्द ठरतो, आणि समाज तोच निकाल म्हणून वाचतो.

आकडेवारीतही हीच गफलत शिरलेली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातील २२,७४६ महाराष्ट्रातील, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. कारणांत ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के, विवाहविषयक कारणे ४.८ टक्के आणि दिवाळखोरी किंवा कर्ज ४.१ टक्के. याच अहवालात ‘सामूहिक/कौटुंबिक आत्महत्या’ असाही तक्ता असतो. ‘कौटुंबिक आत्महत्या’ हा शब्दप्रयोग जरा थांबून वाचा. सहा वर्षांचे मूल आत्महत्या करत नाही. त्याला कुणीतरी मारते. आई-बापाने मुलांना विष दिले आणि स्वतः घेतले, तर त्या मुलांचा खून झालेला असतो, आणि बोलीभाषेत मात्र तो ‘कुटुंबाची आत्महत्या’ होतो.

पहिली गोष्ट खरी मानण्याची आपल्याला किती घाई असते, याची दोन उदाहरणे फार जुनी नाहीत. २० जून २०२२ रोजी मिरज तालुक्यातील म्हैसाळला दोन भावांच्या घरांत नऊ मृतदेह सापडले. चिठ्ठ्यांत सावकारांची नावे होती. राज्यभर ‘सावकारी जाचातून सामूहिक आत्महत्या’ असे छापून आले, सावकारांची धरपकडही झाली. आठवडाभरात पोलिसांनी वेगळेच सांगितले : गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे घेतलेल्या मांत्रिकाने नऊ जणांना विष दिल्याचा आरोप आहे. दुसरे उदाहरण दौंड तालुक्यातलेच. जानेवारी २०२३ मध्ये पारगावजवळ भीमेच्या पात्रात एकाच कुटुंबातील सात जणांचे मृतदेह मिळाले. मुलाने घरच्यांना न रुचणारे काही केले, त्या लाजेने सगळ्यांनी जीव दिला, अशी कथा दोन दिवस फिरत होती. मग पोलिसांनी नात्यातल्याच लोकांना खुनाच्या आरोपाखाली अटक केली. एकीकडे कर्ज, दुसरीकडे अब्रू. ही दोन कारणे आपल्याला इतकी पटण्यासारखी वाटतात की त्यांच्यापुढे जाऊन पाहावेसेच वाटत नाही.

कागदाच्या पाठीमागे जाऊन पाहणे. ही गोष्ट खुद्द सुप्यानेच एकेकाळी सरकारला शिकवली आहे.

१२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात दख्खनच्या दंग्याची ठिणगी पडली. त्याआधी काही महिने शिरूर तालुक्यातील करड्यात सावकारांवर बहिष्कार पडला होता. सुप्यात त्याचा उद्रेक झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. सावकारांची दुकाने आणि घरे लुटली गेली. पण लोकांना माणसे मारायची नव्हती. त्यांना हवे होते कर्जरोखे, खतपत्रे, हुकूमनामे. ते हिसकावून जाळले गेले. (बहिष्काराच्या त्या हत्याराचे फार कौतुक करण्याआधी एवढे आठवावे की न्हावी बंद, पाणी बंद हाच प्रयोग पुढे गावोगावच्या दलित वस्त्यांवर कितीतरी निष्ठुरपणे झाला. महाडच्या सत्याग्रहानंतर काय झाले हे या वाचकांना सांगायला नको.) सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यातली मोलाची तरतूद अशी : अंगठा उठवलेला कागद समोर आला म्हणून न्यायाधीशाने तो खरा मानायचा नाही. मूळ रक्कम किती होती, व्याज कसे चढले, व्यवहार कसा झाला, हा सगळा इतिहास तपासायचा. कारण तो कागद सावकाराने लिहिलेला असे, आणि ज्याच्या नावावर बोजा चढे त्याला तो वाचताही येत नसे.

मारणाऱ्याची चिठ्ठी हाही असाच एकतर्फी कागद आहे. तिच्यात बोजा मेलेल्या बाईच्या नावावर चढवलेला असतो.

आता पैशाकडे येऊ. १८७५ चे कर्ज गावाला दिसत होते. सावकार कोण, दुकान कुठे, कुणाची जमीन गेली, सगळे चव्हाट्यावर होते. म्हणून त्यावर माणसे एकत्र येऊ शकली. आजचे कर्ज घराच्या आतसुद्धा लपलेले असते. पतसंस्था, गाडीचा हप्ता, मोबाइलवरचे अ‍ॅप, मित्राकडून हातउसने, आणि हे सगळे थकल्यावर खासगी सावकार. शेकडा पाच म्हणजे किती, हे कागदावर मांडून पाहावे : एक लाखाला महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथे. शेकडा दहा असेल तर वर्षाचे व्याजच मुद्दलाच्या पुढे जाते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के एवढाच दर घेता येतो. महिन्याला दहा टक्के घेणारा माणूस म्हणूनच गुन्हेगार ठरतो.

यातली आणखी एक गाठ बाईच्या गळ्याशी आहे. गटाचे कर्ज, मायक्रोफायनान्सचे कर्ज बाईच्या नावावर निघते. फोटो तिचा, सही तिची, दर आठवड्याला गटासमोर मान खाली घालून बसणारी तीच. पैसा मात्र कुठे गेला हे तिला अनेकदा विचारताही येत नाही. विचारले तर तो ‘त्रास’ होतो. ‘बायको सारखी पैशावरून बोलायची’ असे एखाद्या चिठ्ठीत वाचले, तर आधी हे तपासावे की कर्ज कुणाच्या नावावर होते आणि खर्च कुणी केला.

तरीही कर्ज हे खुनाचे कारण नव्हे. वरवंडच्या घरात दोघेही शिकलेले आणि कमावते होते. मार्च २०२३ मध्ये पुण्यातल्या औंधला सॉफ्टवेअर क्षेत्रातील एका तरुणाने पत्नी आणि लहान मुलाला मारून स्वतःला संपवल्याचे पोलिसांनी सांगितले. नोकरी सोडून सुरू केलेल्या व्यवसायातल्या अडचणींची चर्चा तेव्हा झाली. कर्जाने पिचलेली लाखो कुटुंबे या जिल्ह्यात आहेत. ती रडतात, भांडतात, जमीन विकतात, मजुरीला जातात, पोरांना मारत नाहीत. मग जो मारतो त्याच्या मनात काय वेगळे असते? ‘माझ्यामागे यांचे काय होईल?’ हा विचार ऐकायला प्रेमाचा वाटतो. नीट पाहिले तर तो मालकीचा आहे. बायको आणि मुले ही स्वतंत्र माणसे आहेत, माझ्याशिवायही ती जगतील, कदाचित अधिक सुखाने जगतील, हे मान्यच नसणे. मालक निघाला की मालमत्ता सोबत जायची. शिक्षिका असलेली बाई पगारावर दोन मुले वाढवू शकली असती. तिला तशी संधीच ठेवली नाही.

हे फक्त पुरुषच करतात असे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दौंड तालुक्यातल्याच स्वामी चिंचोलीत एका आईने स्वतःच्या दोन चिमुकल्यांचा जीव घेतल्याचा आणि पतीवर कोयत्याने वार केल्याचा आरोप आहे. ‘लेकरांसह विहिरीत उडी’ हा मथळा तर आपल्याकडे वर्षानुवर्षे छापला जातो. त्या बायकांच्या मागे माहेरचे बंद दार असते, हे खरे. पण त्या मुलाच्या बाजूने पाहिले तर मारणारा बाप होता की आई, याने काही फरक पडत नाही.

मग वेगळे का होत नाहीत? हा प्रश्न आपल्या समाजाने स्वतःला जास्त कठोरपणे विचारायला हवा, कारण इथे आपली वाटचाल उलटी झाली आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात काडीमोड होता, पाट होता. नाही पटले तर जातपंचांसमोर मोकळीक मिळे आणि बाई दुसरे घर करी. त्यात पंचांची मनमानी होती, दंड होता, पण लग्न ही जन्मठेप नव्हती. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत घटस्फोटाला विरोध करणाऱ्यांना बाबासाहेबांनी हेच सुनावले होते की बहुसंख्य शूद्र जातींत ही रीत आधीपासून आहे. ते बिल अडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५ चा विवाह कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे कलम १३-ब आले. सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. कायदा इतका पुढे आला. आपण मात्र नोकऱ्या लागल्या, बंगले बांधले, आणि ज्या वर्गात गेलो त्याची अब्रूची कल्पना उचलून आणली. आज आपल्याच वस्तीत घटस्फोटित मुलीची आई कार्यक्रमाला यायला कचरते.

बौद्ध विवाहविधीत वर पाच प्रतिज्ञा घेतो. त्या सिगालोवाद सुत्तातून आल्या आहेत. पत्नीचा मान राखणे, तिची अवहेलना न करणे यांसोबत घरातला अधिकार तिच्या हाती सोपवणे हीही एक प्रतिज्ञा आहे. त्याच सुत्तात कमाईचे चार भाग करून एक भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायला सांगितले आहे. मंगल परिणय लावणारे बौद्धाचार्य या ओळी म्हणवून घेतात, आपण फुले टाकतो आणि जेवायला वळतो. डीजेचा आणि जेवणाचा खर्च कुणाकडून किती टक्क्यांनी घेतलेला आहे, हे त्या मांडवात नवरीला माहीत नसते. नवा संसार सुरू होतो तो तिला न सांगितलेल्या कर्जावर. विहारात जमणाऱ्या तरुणांनी भाषणे थोडी कमी करून लग्न ठरलेल्या जोडप्यांशी याच एका विषयावर बोलावे. आपापली कर्जे एकमेकांसमोर मांडायला सांगावे. अवघडल्यासारखे होईल, एखादे लग्न मोडेलही. मोडू द्यावे.

जिथे संसार आधीच फाटला आहे तिथे दरवाजे माहीत असणे गरजेचे आहे. बेकायदा सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था कार्यालयात करता येते. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही २०१४ च्या कायद्यात आहे. स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. स्त्रीसाठी उत्पन्नाची अट नाही. मन खचलेल्या माणसासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीच्या वेळी ११२. ‘मी गेलो तर पोरांनाही घेऊन जाईन’ असे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकले, तर दारूच्या भरात बोलला म्हणून सोडून देऊ नये. त्याच रात्री बायको आणि मुले दुसऱ्या घरी हलवावीत.

‘त्यांच्या घरातला मामला’ असे म्हणून शेजारी गप्प बसतात, त्यांच्यासाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यातले कलम ४ आहे. हिंसा होत असल्याची किंवा होण्याची शक्यता असल्याची माहिती कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकते. त्यासाठी नातेवाईक असावे लागत नाही, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.