मुंबईचा आर्मस्ट्राँग

आमच्या जेऊरकडे वरातीत बँडवाल्यांनी 'अलबेला'चं (१९५१) गाणं धरलं की आजोबा मंडळीसुद्धा भगवानदादांसारखे हात हलवत नाचायला उतरतात. गाणं कुणाचं म्हणून विचारा, लगेच उत्तर येईल, सी. रामचंद्र. बरोबरच आहे. पण त्या गाण्यांच्या मागे ट्रम्पेट घेऊन आणखी एक माणूस उभा होता, त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबईत ताज हॉटेलात त्याचा बँड गाजला. पुढे तो सी. रामचंद्रांचा सहायक झाला. 'शोला जो भडके' पुन्हा एकदा ऐका. तो बोंगो, तो लॅटिन झोक! चाल अण्णांचीच, पण तिला हा क्यूबाकडचा पेहराव कुणी शिवला? गोव्याच्या चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच नोटेशन शिकवत. त्यामुळे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोवेकरांशिवाय पान हलत नसे. 'अलबेला'त तर चिक आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो.

लोक त्याला 'मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. कौतुकानंच म्हणत, आणि आर्मस्ट्राँग त्याचं दैवत होताच. पण मला हे बिरुद खटकतं. अमक्याचा तमका म्हटलं की माणूस नक्कल ठरतो आणि त्याचं स्वतःचं काम कुणी शोधत नाही. 'नादान' (१९५१) आणि 'रंगीली' (१९५२) या सिनेमांना स्वतंत्र संगीत चिकनं दिलं, हे किती जणांना माहीत आहे?

कुणी म्हणेल, नाव संगीतकाराचंच व्हायचं, वादकाला त्याचे पैसे मिळाले, विषय संपला. मला नाही पटत. चाल नुसती गुणगुणून बघा आणि मग रेकॉर्ड लावा. मधला जो फरक आहे ना, तोच या लोकांचा जन्मभराचा धंदा होता. तो फरक आपण फुकटात वापरतो, नाव मात्र घेत नाही.

चिक १९६७ मध्ये गेला, जेमतेम पन्नाशीत. अण्णांचं श्रेय रतीभरही कमी न करता त्याचं नाव घेता येईल. पुढच्या वरातीत नाचताना बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याकडेही एकदा बघा. जमलंच तर त्याचंही नाव विचारा.