पाळकाची रजा, मंडळीची मशागत

आम्ही प्राध्यापक अभ्यासरजा हक्काने मागतो; चर्चच्या पाळकाने ती मागितली, की मात्र ‘उपासना कोण चालवणार?’ असा प्रश्न उठतो. वस्तुतः या रजेचे मूळ बायबलातच आहे. ‘लेवीय’च्या २५व्या अध्यायात सातव्या वर्षीचा विसावा सांगितला आहे तो जमिनीला, त्या वर्षी आपोआप उगवेल ते सर्वांचे. गोंदियातल्या धानाच्या बांध्या पाहणाऱ्यांना हे निराळे समजावायला नको. पाळकाची रजा हा मंडळीचाही विसावा असतो: न पेरलेले काय उगवते, हे तेव्हाच कळते.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या हाती बायबल आले ते नागपूर-राजनांदगाव प्रवासात, आमच्या गोंदियावरून जाणाऱ्या लोहमार्गावर. १९१९ साली ते गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पूर्ण केले शाळेचे शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी.

प्रवचनपीठ काही महिने मोकळे राहिले, तर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना, स्त्रियांना, तरुणांना आपला आवाज सापडेल. पाळकालाही वाचनाला, चिंतनाला अवकाश मिळेल. त्यासाठी त्याच्या मरणाची वाट का पाहावी?